मरणाऱ्याजवळ बसणं हेही चळवळीचं काम आहे

आपल्या तरुण कार्यकर्त्यांपैकी कुणी ना कुणी मला दर दोन-चार महिन्यांनी एकच प्रश्न विचारतो. शिष्यवृत्त्या रखडल्यात, राखीव जागा रिकाम्या पडल्यात, अत्याचाराची प्रकरणं कोर्टात कुजतायत, आणि तुम्ही कुणा म्हाताऱ्याच्या उशाशी रात्री जागवता. त्यानं समाजाचं काय भलं होणार? एका शिबिरात तर एकानं तोंडावर सांगितलं, "सर, हे मिशनऱ्यांचं नाहीतर सत्संगवाल्यांचं काम. आपलं काम संघर्षाचं."

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. गेली दहा-अकरा वर्षं मी आमच्या भागात हे काम करतो. आजार हाताबाहेर गेलेल्या माणसाच्या घरी जायचं, बसायचं, जमेल ती सेवा करायची आणि तो गेल्यावर त्या घराचं येणं-जाणं तोडायचं नाही. बस्स, एवढंच. मोर्चे सुटलेले नाहीत, पत्रकं आजही मीच लिहितो. पण आपल्या जगण्याला काही अर्थ आहे असं मला जिथं जिथं वाटलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक जागा म्हणजे दहा बाय बाराच्या खोल्या होत्या आणि तिथं कुणीतरी मरत होतं. चळवळीतल्या माणसानं असं लिहावं हे काहींना विचित्र वाटेल. म्हणून सविस्तर मांडतो.

मरणाच्या कामाबद्दल आपल्याला जी किळस वाटते तिला इतिहास आहे. गावगाड्यात मयताचा सांगावा पोचवणं हे महाराचं काम होतं. सवर्णाच्या घरी कुणी गेलं की महारानं परगावच्या सोयऱ्यांकडे बातमी घेऊन निघायचं, मग ते गाव कितीही कोस असो. अस्पृश्यांवर लादलेल्या कामांबद्दल बाबासाहेबांनी जे लिहून ठेवलंय त्यात या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे. सरणाची लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं, मढ्यावरचं कापड 'हक्क' म्हणून घ्यायचं. आणि एवढं करून त्या मयताला खांदा द्यायला मनाई, त्या घरातल्या रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवायला मनाई. मरणाची कष्टाची बाजू आमच्याकडे आणि दुःखाचा मान त्यांच्याकडे, अशी ती वाटणी होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं, आणि ही वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. ज्याच्या आजोबानं सांगावे वाहिले त्या पोराला मरणाच्या खोलीत शिरायचं म्हटलं की अंगावर काटा येत असेल, तर त्यात नवल काही नाही.

पण त्या वाटणीत नेमकं काय हिरावलं गेलं होतं ते बघा. काम करायला मिळत होतंच, नको इतकं मिळत होतं. हिरावली गेली ती सोबत. दुःखात असलेल्या माणसाशेजारी त्याच घोंगडीवर बसायचं तर दोघांनी एकमेकांना माणूस मानावं लागतं. सांगावा नेणाऱ्याला अंगणाच्या बाहेर उभं राहून बातमी ओरडावी लागायची. त्यामुळे आज मी स्वतःच्या मर्जीनं कुणाच्या उशाशी बसतो तेव्हा वतनदारी पुढे चालवत नाही. वतनदारीनं जे करू दिलं नव्हतं ते करतो.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू लोक घेतात. त्यांचं म्हणणं असं की, म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही कथा बाबासाहेबांनी नाकारली आहे. खरं आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारलंय की एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटतं का? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला वाद पुढे आणला. दुःखाचं मूळ माणसामाणसांतल्या संघर्षात, शोषणात शोधलं. आपण सगळे तिथूनच चाललोय. मग मरणाकडे बघत बसणं म्हणजे पुन्हा त्या जुन्या, रडक्या, संसार असार मानणाऱ्या बुद्धाकडे जाणं नाही का?

हा आक्षेप घेणाऱ्यांनी ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा. त्याकडे वळण्याआधी एका खोलीत घेऊन जातो, कारण त्या खोलीमुळे मला तो भाग कळला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातले एक काका गेले. महापालिकेत मोटर लोडर होते, म्हणजे कचऱ्याच्या गाडीवर कचरा भरणारे. निवृत्तीला दोन वर्षं होती. आधी क्षय झाला, तो औषधांनी बरा झाला, पण श्वास काही पूर्वीसारखा झाला नाही. फुप्फुसं पार कामातून गेली होती. घरात भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र होतं आणि त्याची घरघर अख्ख्या मजल्याला ऐकू यायची. मी रात्री दहाला जायचो, एक-दीडला उठायचो. तेवढा वेळ काकू झोपायच्या. त्या सहा आठवड्यांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. एका बाईला रोज सलग तीन तास झोप मिळाली.

काका संत नव्हते. उमेदीत प्यायचे, घरात आरडाओरडा करायचे, हे काकूंनीच मला सांगितलं. मरताना माणूस थोर होतो वगैरे जे लिहिलं जातं ते मी फारसं पाहिलेलं नाही. माणूस जसा असतो तसाच मरतो, फक्त दमलेला असतो. पहिले आठ-दहा दिवस ते क्रिकेटबद्दल आणि हजेरी चौकीवरच्या एका मुकादमाबद्दल बोलले. मुकादमाला इतक्या शिव्या दिल्या की दम लागून यंत्राचा आकडा वाढवावा लागला. मग एका रात्री, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "साहेबांनी सांगितलं गाव सोडा. बापानं सोडलं. पण झाडू आमच्या आधीच मुंबईत येऊन बसला होता."

त्यानंतर पोटातलं बाहेर आलं. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. त्यांचा मुलगा बी.कॉम. झालेला. काकांना त्याच्या हातात फावडं नको होतं. पण राहती खोली पालिकेची, नोकरीवर मिळालेली. नोकरी घरात राहिली नाही तर खोली सोडावी लागणार. हे बायकोला सांगावं तर ती खोलीचं बघणार आणि पोराला सांगावं तर तो कुठल्याही बाजूनं ओझ्याखालीच येणार. मला सांगितलं, कारण मी त्यांच्या हिशेबात कुणीच नव्हतो. नातेवाईक नाही, साहेब नाही, मतं मागायला आलेला नाही.

या विषयावर माझी मतं पक्की होती आणि आजही आहेत. झाडू बापाकडून पोराकडे जाणं म्हणजे सरकारी शिक्क्यानं जात पुढे सरकवणं, असं मी लिहिलेलं आहे. त्या खोलीत हे वाक्य उच्चारायचं काही कारण नव्हतं, ते काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, की मी इथं असताना त्यांना सांगता का? रविवारी दुपारी त्यांनी सांगितलं. चार वाक्यं, मध्ये श्वास घेत. मुलगा ऐकत राहिला, नळीचा पीळ सरळ करत राहिला. काकू म्हणाल्या, "आणि मग राहायचं कुठं?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण गेली दोन वर्षं त्या घरात तिघंही ज्या गोष्टीभोवती फिरत होते ती एकदा जमिनीवर ठेवली गेली. त्या रात्री काका बरेच झोपले. नऊ दिवसांनी पहाटे गेले.

मुलानं तिसऱ्या आठवड्यात अर्ज केला. वॉर्ड ऑफिसात मी बरोबर होतो. आज तो कचऱ्याच्या गाडीवर आहे. दिवसा तो कायद्याच्या वर्गाला जातो, असं लिहायला मला आवडलं असतं. तो दिवसा झोपतो, कारण पाळी रात्रीची असते. मी अजून त्यांच्याकडे जातो. आम्ही त्या रविवारबद्दल बोलतो, कधी बोलत नाही.

इथं कुणी म्हणेल की या अनुभवातून चळवळीला काहीतरी मिळालंच की. मिळालं. आमच्या पत्रकात पूर्वी फक्त वारसाच्या नोकरीची मागणी असायची, आता तिच्या आधी दुसरी मागणी असते : कामगाराची खोली नोकरीपासून वेगळी करा, म्हणजे पोराला झाडू नाकारण्याचं स्वातंत्र्य राहील. ही मागणी काकूंच्या चार शब्दांतून आली. पण खरं सांगू का, ही मागणी सुचली नसती तरी ते सहा आठवडे वाया गेले असं मी म्हटलं नसतं. आणि माझं खरं भांडण इथंच आहे. आपल्याला प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारायची सवय लागली आहे. कार्यकर्ता उभा आहे तोवर आपला, आडवा झाला की त्याच्या घरच्यांचा.

आता तो ग्रंथातला भाग. विनयपिटकातली ती गोष्ट आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. बुद्धानं विचारलं, तुझी सेवा कुणी का करत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं, आणि मग संघाला बोलावून सुनावलं की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं करायचं आहे. बाबासाहेबांनी बुद्धाच्या आजाऱ्यांबद्दलच्या आस्थेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये वेगळी जागा दिली, त्याच्या शेजारी विशाखा आणि किसा गोतमी यांच्या शोकाच्या कथा ठेवल्या. चार दृश्यांची कथा नाकारणाऱ्याच लेखणीनं हे सगळं जपून ठेवलं. मला यातला भेद साफ दिसतो. मरण पाहून जगाकडे पाठ फिरवणं त्यांनी नाकारलं. मरणाऱ्याकडे पाठ फिरवणं त्यांना कुठंच मान्य नव्हतं.

किसा गोतमीची कथा आपण विहारात नेहमी ऐकतो. जिथं कुणी मेलेलं नाही अशा घरातली मोहरी आण, असं बुद्धानं सांगितलं आणि ती दारोदार फिरली. प्रवचनकार यावरून 'मरण सर्वांना समान' असा निष्कर्ष काढतात आणि पुढे जातात. आपण जरा थांबू या. या देशात मरण सर्वांना समान असतं तर गावात दोन स्मशानं नसती. गटारात गुदमरून मरणाऱ्यांची आडनावं वाचून दाखवायची गरज पडली नसती. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे, आणि तरीही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूंची भरपाई तीस लाखांपर्यंत वाढवावी लागली. किसा गोतमीच्या कथेत मला थांबवतं ते वेगळंच. तिच्यासाठी प्रत्येक घराचं दार उघडलं गेलं. प्रत्येक घरानं तिला आपल्या मेलेल्या माणसाबद्दल सांगितलं. आपल्या वस्तीतली बाई गावभर मोहरी मागत निघाली असती तर किती दारं उघडली असती?

वेदनेलाही जात आणि वर्ग असतो. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात जी कळ उठते तिच्यावर मॉर्फिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे ते वर्षानुवर्षं रुग्णांपर्यंत पोचेना. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, तरी आपल्या वस्तीतल्या किती घरांना हे औषध मागता येतं याची कल्पना आहे. केरळात कोझिकोडला १९९३ पासून डॉक्टरांनी आणि नंतर साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून वेदनाशमनाचं जाळं उभं केलं, २००८ मध्ये त्या राज्यानं तसं धोरण आखलं. तिथं पंचायतीच्या पातळीवर नर्स घरी येते. ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात का नसावी? दर १४ एप्रिलला आपण डीजेवर जो खर्च करतो त्याबद्दल मी इथं बोलत नाही, तो वेगळा लेख होईल.

आता शोकाबद्दल. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला श्राद्ध आणि पिंडदानातून सोडवलं, हे फार मोठं काम झालं. त्या जागी आपण जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आणलं. पण त्याचं आज काय झालंय? फ्लेक्स, माईक, पंधरा वक्ते. प्रत्येक जण दिवंगताशी आपली ओळख किती जुनी ते सांगतो. पांढऱ्या साडीतली ती बाई समोर बसून राहते, आणि संध्याकाळी मांडववाला खुर्च्या नेतो. ज्या दिवशी तिला खरी गरज लागते तो दिवस साधारण चाळिसावा असतो. बँकेत वारसनोंद नसते, पेन्शनचा कागद अडकलेला असतो, आणि रात्री घर खायला उठतं.

अत्याचारातल्या मृत्यूंच्या बाबतीत तर आपण जास्तच घाईत असतो. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, सुधीर आणि रोशन ही मुलं गमावलेले भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ पर्यंत जगले. दहा वर्षांहून जास्त. त्यांचा फोटो, त्यांची साक्ष, व्यासपीठावरची त्यांची खुर्ची आपल्याला ठाऊक आहे. त्या दहा वर्षांतल्या साध्या संध्याकाळी ते कुणाबरोबर जेवले हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? उलट उदाहरणही आहे. रोहित वेमुलाची आई राधिका आणि डॉ. पायल तडवीची आई आबेदा या दोघी २०१९ मध्ये एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या, विद्यापीठांतल्या जातिभेदाविरुद्ध. वेगळ्या राज्यांतल्या, वेगळ्या भाषांच्या दोन आया. त्यांचा लढा आणि त्यांची एकमेकींना असलेली सोबत वेगळी काढून दाखवता येणार नाही.

'रडू नका, लढा' ही घोषणा मला म्हणूनच अपुरी वाटते. १९२६ च्या जुलैत बाबासाहेबांचा राजरत्न गेला. त्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं, त्यात त्यांनी आपलं आणि रमाईचं मोडून पडणं लपवलेलं नाही. पुढच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळं झालं. आपण महाडचा दिवस पाळतो. ते पत्र वाचणारा, ते ज्याला लिहावंसं वाटलं तो मित्र आपल्या आठवणीत कुठंच नाही. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, आणि पाच वर्षांनी पाकिस्तानवरच्या रोख-ठोक राजकीय ग्रंथाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनी रामूच्या नावानं लिहिली. एवढा मोठा माणूस शोक बाजूला ठेवून लढला असं म्हणणं सोपं आहे. मला तरी तो शोक घेऊन लढला असं दिसतं.

एक गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांना उद्देशून. आजाऱ्याचं हागणं-मुतणं आपल्या घरांत बायका काढतात. पुरुष मांडव, रुग्णवाहिका आणि श्रद्धांजलीचा मजकूर बघतात. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं हाती धरून सावित्रीबाई पुढे चालल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून ससाणे मळ्यातल्या यशवंतच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा त्यांचं वय सहासष्टच्या पुढे होतं. आपल्या पोस्टरवर त्यांच्या हातात नेहमी पुस्तक असतं. पाठीवरचं ते पोर मी अजून एकाही पोस्टरवर पाहिलेलं नाही.

आमच्या विहारात आता एक वही टांगलेली आहे. कुणाच्या घरी कोण, किती ते किती, एवढंच त्यात लिहितो. नवीन येणाऱ्याला चार गोष्टी सांगतो. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसानं पुसायचे, गिळता येत नसेल तर पाणी ओतायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अनित्यतेवर व्याख्यान द्यायचं नाही, माणसाला ते अंथरुणावर पडल्या पडल्या कळत असतं. कुणाला मुलाशी बोलायचं असेल तर मुलाला फोन लावायचा, कुणाला देवाचं नाव घ्यायचं असेल तर वाद घालायचा नाही. शुद्ध आहे तोवर बँकेतली वारसनोंद बघायची. नंतर एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद. आणि पुण्यानुमोदनानंतर निदान तीन महिने, आठवड्यातून एकदा, हात हलवत जायचं. काही घेऊन गेलं की त्या घराला चहा-पाण्याची धावपळ होते.

वहीत सध्या नऊ नावं आहेत, त्यात चार बाया. दोघं मुसलमान आहेत, एक मातंग समाजातला रिक्षाचालक आहे. आज रात्री दहाच्या रकान्यात नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीचं नाव आहे, तिच्यासोबत तो रिक्षाचालक जाईल. उद्याचा रकाना अजून रिकामा आहे.